मधी बोलाचा नाय

"त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, हे त्यांचं भाग्यच म्हणायचं," असं आमचे चेअरमन माइकवर म्हणाले, आणि शोकसभेतल्या निम्म्या माना हलल्या. मागे हार घातलेला फोटो होता. फोटोतली बाय चष्म्याच्या वरून बघत होती, म्हणजे ती नेहमी बघायची तशीच. मला वाटलं, आता ही फ्रेममधून खाली उतरते आणि चेअरमनना विचारते, "तुका कोणी सांगल्यान रे?"

ती काही उतरली नाही, त्यामुळे मला उभं राहावं लागलं. पुढे काय झालं ते सांगतो. पण आधी ही बाई कोण होती ते सांगायला हवं. कारण त्या सभेतली भाषणं ऐकून कुणालाही वाटेल की एक गोड, हसरी, सगळ्यांना धीर देणारी बाई गेली. गोड! तिचा गोडाशी संबंध जत्रेतल्या खाज्यापुरता. आणि धीर म्हणाल तर तो तिने कुणाला दिलेला मी पाहिला नाही. धीर द्यायला आलेल्यांना तिने वॉर्डाबाहेर घालवलेलं मात्र पुष्कळदा पाहिलं.

मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या ट्रस्टचं इस्पितळ आहे. मी तिथे एक्स-रे काढतो. बाय समुपदेशक होती. जीवघेण्या आजाराची माणसं, घरात मरण झालेली माणसं, हातपाय किंवा आवाज गमावून बसलेली माणसं तिच्याकडे पाठवायची, असा रिवाज. ती इथल्याच ख्रिस्ती घरातली. मुंबईत शिकली, तिथल्या मोठ्या कॅन्सर इस्पितळात बरीच वर्षं काढली, आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आली ती इथेच राहिली. लग्न केलं नाही. आईचं घर खाडीच्या कडेला होतं, तिथे एकटी राहायची. सगळे तिला बाय म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची, डॉक्टरांनासुद्धा.

ट्रस्टने तिला एक खोली दिली होती. दोन सोफे, प्लास्टिकची फुलं, टिश्यू पेपरचा डबा आणि दारावर पाटी. पहिल्याच दिवशी तिने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हय माणूस रडूक भियातलो, सोफो भिजात म्हणान." मग त्या खोलीत वॉर्डातल्या जादा गाद्या ठेवायला सुरुवात झाली, आणि बाय इमारतीमागे फणसाखाली, चादरी वाळत घालतात तिथे, एक बुटकं स्टूल घेऊन बसू लागली.

बरं, नुसती बसेल तर बाय कसली. सकाळी येताना बाजारातून टोपलीभर सुंगटं, म्हणजे बारीक कोळंबी, घेऊन यायची. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यासमोर टोपली ठेवायची आणि म्हणायची, "सोल." "हात गुतले काय तोंड सुटता," हे तिचं सगळं शास्त्र. मुलगा अपघातात गेल्यापासून एकमेकांशी न बोलणारे एक हेडक्लार्क आणि त्यांची बायको त्या फणसाखाली समोरासमोर कोळंबी सोलताना मी पाहिलेत. टोपली अर्धी झाल्यावर त्यांनी मुलाविषयी बोलायला सुरुवात केली. सोमवारी, संकष्टीला आणि श्रावणात कोळंबीऐवजी आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, किंवा वालीच्या शेंगा असत, तेवढा लोकांचा मान ती राखायची. प्रशासनाने वासाची तक्रार केली तेव्हा म्हणाली, "तुमच्या फिनेलाचो वास चलता, सुंगटांचो चलणा नाय?" सोललेला माल कॅन्टीनमध्ये जायचा. त्या दिवशीच्या कढीला मीठ कमी लागतं, असं कॅन्टीनवाली म्हणे.

एका वाक्यावर मात्र तिचा दात होता. ते वाक्य म्हणजे, तुला काही होणार नाही, आमच्या बोलीत "काय जावचा नाय तुका."

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे कर्तव्य आहे, आणि कर्तव्य म्हटलं की शहाळं आलंच. शहाळं टेबलावर ठेवायचं, कॉटच्या कडेला टेकायचं. समोर माणसाचे डोळे पिवळे झालेले, पोटात पाणी भरलेलं, आणि आपण हसून म्हणायचं, "काय जावचा नाय तुका. चार दिसात उड्ये मारीत घराक येतलंस." मग व्हरांड्यात यायचं आणि त्याच तोंडाने म्हणायचं, "कठीण आसा रे." हे मी रोज बघतो आणि रोज माझं डोकं फिरतं. बायचंही फिरायचं. मी आपला एक्स-रे रूमचं दार आपटून गप्प बसायचो. ती त्या माणसाला व्हरांड्यातच अडवायची.

"आत एक बोललंस, भायर एक बोललंस. खरा खयचा?"

"अगो बाय, तेका जरा बरा वाटात म्हणान..."

"तेका खंय बरा वाटला? बरा तुका वाटला. ता शहाळा घे आणि चल."

एका सरपंचाला तिने असं शहाळ्यासकट परत पाठवलं. दुसऱ्या एका बाईचं तान्हं मूल गेलं होतं. तिची मावशी पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "गप, रडा नको. तरणी आसस, दुसरा होतला." बाय वॉर्डातून चालली होती, ती थांबली. म्हणाली, "मावशे, तुझो एक डोळो काढूया? दुसरो आसा मा?" मावशी चेअरमनकडे तक्रार घेऊन गेली. मागे राहिलेल्या आईने मात्र तेव्हा पहिल्यांदा आपल्या बाळाचं नाव उच्चारलं. बाय दुपारभर तिच्याजवळ बसून होती, आणि दुपारभर एक अक्षर बोलली नाही.

हे लोकांना कळायचं नाही. समुपदेशक म्हणजे चांगलं चांगलं बोलणारी बाई, अशी सगळ्यांची समजूत. चेअरमनची तर पक्की. त्यांचा आवडता शब्द 'पॉझिटिव्ह'. कुठल्याशा जागतिक दिनाला त्यांनी केमोच्या वॉर्डात हास्यक्लब बोलावला. पांढऱ्या टोप्या घातलेली धडधाकट माणसं आली आणि हाताला सलाइन लावलेल्या बायकांना म्हणाली, हात वर करा, हा हा हा, हो हो हो. एकीला ओकारी येत होती, तिलाही हात वर करायला लावला. मी दारात उभा राहून नुसता जळत होतो. बाय आत गेली. आता ती ओरडणार असं मला वाटलं. ती वॉर्डाच्या मधोमध उभी राहिली आणि तिने मोठ्याने गळा काढला. मयताच्या घरी काढतात तसा. टोपीवाले गारठले. एक बाई रडायला लागली, मग शेजारची, मग सगळा वॉर्ड. शेवटी एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आता माका खराच बरा वाटला गो." चेअरमननी त्या दिवशी बायच्या नावापुढे 'निगेटिव्ह' असा शेरा मारला असावा, कारण पुढे तो शब्द ते तिच्याविषयी नेहमी वापरायचे.

फोंडाघाटच्या बाजारात किराण्याचं दुकान असलेले एक गृहस्थ होते. मधुमेहाने त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जो तो म्हणे, जीव वाचला हे काय थोडं? गृहस्थ जेवेनात. बायने त्यांच्यासमोर आठळ्या ठेवल्या. अर्ध्या आठळ्या सोलून झाल्यावर ते म्हणाले, "माझो पाय खंय गेलो?" डॉक्टर हसले. सून लाजली, म्हणाली, "पायासाठी कोण रडतं का?" बाय तिच्यावर कडाडली, "तुझी पाटली हरवली तर रडतलंस मा? हेचो पाय गेलोसा!" मग ती सगळ्या खात्यांशी भांडली आणि तिने शोधून काढलं. कुंपणाजवळच्या खोल खड्ड्यात असलं सगळं पुरतात. व्हीलचेअरवरून ती त्यांना तिथे घेऊन गेली. त्यांनी हात जोडले आणि पायाला म्हणाले, "लय चललंस रे बाबा माझ्यासाठी." रात्री ते पोटभर जेवले. स्टाफमधल्या काहींनी याला 'पायाचं बारावं' म्हणून हसून घेतलं. हसणाऱ्यांचे दोन्ही पाय शाबूत होते.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो. आमच्या भागात देवळासमोर नारळ हातात घेऊन एक जाणता माणूस उभा राहतो आणि गावाचं नाहीतर घराचं सुखदुःख "बा देवा म्हाराजा" अशी हाक घालून मोठ्याने सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "होय म्हाराजा!" बाय लहानपणी शेजारच्या पोरींबरोबर जत्रेला जायची, ती खरं म्हणजे खाज्यासाठी. पण गाऱ्हाणं चालू झालं की ती ऐकत उभी राहायची. अख्ख्या गावात ही एवढीच वेळ अशी असते, की एक माणूस बोलतो आणि दुसरं कुणी मध्ये तोंड घालत नाही, हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं.

तेच तिने फणसाखाली आणलं. आजारी माणसाने बोलायचं आणि घरच्यांनी फक्त होय म्हाराजा म्हणायचं. "मधी बोलाचा नाय," ती बजावायची. "समजूत घालूची नाय, उपाय सांगूचे नाय, डॉक्टरांचा नाव काढूचा नाय. होय म्हाराजा, बस." नारळ नाही, देव हाकेपुरता. "नारळ देवाक. आमका फक्त कान होये." कुणीतरी देवळाच्या मानकऱ्यांकडे चुगली केली, की इस्पितळात ख्रिस्ती बाई गाऱ्हाणी घालते. मानकरी आले. फणसाखाली बसून त्यांनी एक गाऱ्हाणं ऐकलं. जाताना म्हणाले, "आमी देवाक ऐकवतो. तू माणसांका ऐकवतस. ता जास्ती कठीण."

किती कठीण, ते मी देवबागच्या तांडेलाच्या वेळी पाहिलं.

देवबागला एक म्हातारे तांडेल होते. जन्मभर होडी हाकलेली. दोन मुलगे, थोरल्याचं पर्यटकांसाठी होम-स्टे, धाकट्याची पर्यटकांना फिरवायची बोट. म्हाताऱ्याच्या पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. मुलांनी डॉक्टरांना हात जोडून सांगितलं, बापाला सांगू नका, हाय खाईल. म्हाताऱ्याला सांगण्यात आलं, अल्सर. म्हाताऱ्याच्या मनात एकच गोष्ट होती. त्याच्या धाकट्या भावाने कधीकाळी भांडून गणपती वेगळा केला होता. मूळ घरातला गणपती सोडून भावाने आपल्या घरी दुसरा आणायचा, म्हणजे आमच्याकडे घर कायमचं दुभंगलं. दोघांची घरं एकमेकांना दिसतील एवढ्या अंतरावर, आणि बोलणं बंद. वॉर्डात म्हातारा सगळ्यांना सांगायचा, "चवथीक भावाक बोलावतंय. गणपती परत एक करतंय." मुलं म्हणायची, "होय तर, चवथीक तू नाचतलंस." तेव्हा वैशाख चालू होता. फिल्म मीच काढली होती. तो श्रावणसुद्धा बघणार नव्हता.

म्हणजे बघा. मुलांचं बापावर प्रेम होतं, यात शंका नाही. पण त्या प्रेमाने त्यांनी बापाच्या हातातून त्याचं शेवटचं काम काढून घेतलं होतं. उद्या आहे असं सांगितलं की माणूस उद्यावर ढकलतो.

बायने त्याला काही सांगितलं नाही. ती कधीच सांगायची नाही. कोळंबी सोलता सोलता तिने फक्त विचारलं, "तांडेलानू, सगळ्यात भ्या कसला वाटता?"

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "माका काय जाला ता झिलांका कळात म्हणान. माका म्हायत आसा गो. माझ्या बापाशीचा असाच झाला. पण पोरांका सांगा नको हां. हाय खातले."

बायच्या हातातली कोळंबी खाली पडली. "मी सांगूचंय नाय, तूच सांग," ती म्हणाली. मग उठली आणि थेट मुलांना फोन केला. दुपारी तिघं फणसाखाली बसली, मध्ये टोपली. मी चादरींच्या आड उभा होतो, कारण मला तिथून हलवेना.

"बा देवा म्हाराजा," म्हातारा म्हणाला, "माझ्या पोटात अल्सर नाय."

"बाबा, असा काय..." थोरल्याने सुरुवात केली. बायने चष्म्यावरून पाहिलं. "मधी बोलाचा नाय."

"होय म्हाराजा," थोरला म्हणाला.

"मी चवथ बघूचंय नाय."

"होय म्हाराजा." आता दोघं.

"माका भावाक भेटाचा आसा. आताच."

धाकटा रडत रडत होय म्हाराजा म्हणाला, आणि तसाच मोटरसायकलवर बसून देवबागला काकाकडे गेला. काका संध्याकाळी आला. दोघं भाऊ कॉटवर शेजारी शेजारी बसले होते, आणि एकाच ताटात पेज खात होते. म्हातारा आषाढात गेला. चतुर्थीला गणपती एकाच घरात आला, मूळ घरात.

यावर कुणी बायचे पाय धरले असतील असं तुम्हाला वाटेल. बाराव्याला मुंबईहून त्या मुलांचे मामा आले. आजारपणात एकदाही न फिरकलेले. ते म्हणाले, त्या बाईने सांगितलं म्हणून भावोजी गेले, नाहीतर दोन वर्षं काढली असती. लेखी तक्रार झाली. थोरला मुलगा चेअरमनना सांगायला आला की मामांचं ऐकू नका, तर ते म्हणाले, हा आता धोरणाचा प्रश्न आहे. आणि नोटीस लागली: नातेवाइकांच्या संमतीशिवाय रुग्णास आजाराविषयी काहीही सांगू नये. आजार माझा, शरीर माझं, मरायचं मी, आणि संमती माझ्या मेहुण्याची! शिरा पडो असल्या धोरणावर. बायने नोटीस वाचली आणि म्हणाली, "मी सांगतंय कधी? मी इचारतंय." आणि टोपली उचलून फणसाखाली गेली.

मग बायला खोकला झाला. बरेच दिवस तिने तो अंगावर काढला. शेवटी माझ्याकडे आली. मी तिला प्लेटला छाती लावून उभं केलं, श्वास घे, धरून ठेव, म्हटलं. फोटो पडद्यावर आला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "सोडू काय रे श्वास?" मी सांगायला विसरलो होतो. बाहेर आल्यावर तिने पडद्याकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बरा," म्हणाली आणि गेली.

पुढचं सांगताना मला आजही दुःखापेक्षा चीड जास्त येते.

आमच्या तरुण डॉक्टरांनी बायला काही न सांगता मुंबईला तिच्या धाकट्या भावाला फोन केला. हे डॉक्टर बायच्या हाताखाली शिकलेले. पेशंटच्या समोर कसं बसायचं, हे तिने त्यांना शिकवलेलं. भाऊ आला. माणूस वाईट नाही, मवाळ आहे, बहिणीवर जीव टाकणारा. तो डॉक्टरांना म्हणाला, "तिला सांगू नका. एकटी असते ती. तिला सहन होणार नाही."

बायला सहन होणार नाही! जिने हजारो माणसांच्या मरणाशेजारी स्टूल टाकून वर्षं काढली होती, तिला. आणि डॉक्टर हो म्हणाले. मेट्रन हो म्हणाली. नोटीस होतीच हाताशी. एका दिवसात सगळं इस्पितळ एका सुरात बोलायला लागलं, निमोनिया, जरासा निमोनिया. आणि शहाळी यायला लागली. पहिलं चेअरमनचं.

मी भावाला गाठलं. म्हटलं, "तिला माहीत आहे." तो म्हणाला, "माहीत असतं तर ती बोलली असती." डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, "तुम्ही टेक्निशियन आहात." मग मी बायकडे गेलो. ती उशीला टेकून बसली होती.

"बाय, तू बोलत कित्याक नाय?"

"बोलतलंय. पण ऐकणारो होयो मा," ती म्हणाली. "तो ऐकूक तयार नाय. तू रागाव नको तेका." मग खोकला थांबल्यावर म्हणाली, "माका मुंबयक जावचा नाय रे. थंय काय काय करतत ता माका म्हायत आसा. माझ्या आवशीच्या घरात, माझ्या खाटीर. खिडकीतसून खाडी दिसता. माका आणखी काय नको."

एवढंच तिला हवं होतं. पण निमोनिया झालेल्या माणसाने आपल्या घरी मरायचा हट्ट कसा धरायचा? निमोनिया बरा होतो. निमोनियासाठी मुंबईला जायचं, चांगले उपचार घ्यायचे, परत यायचं. एका शब्दाने त्यांनी तिचं घर, खाट आणि खिडकी काढून घेतली होती. भावाने ॲम्ब्युलन्स सांगून टाकली.

निघायच्या दिवशी सकाळी देवबागचा थोरला मुलगा तिला बघायला आला. त्याने शहाळं आणलं नव्हतं, ताजी सुंगटं आणली होती. बाय हसली. टोपली मांडीवर घेतली आणि भावाला म्हणाली, "सोल." लहानपणी दोघांनी आईच्या शेजारी बसून कितीतरी वेळा सोलली असतील. तो निमूटपणे सोलायला लागला.

"आता मी बोलतंय," बाय म्हणाली. "तू फक्त होय म्हाराजा म्हण. मधी बोलाचा नाय. बा देवा म्हाराजा, माका निमोनिया नाय."

"होय म्हाराजा," देवबागचा मुलगा म्हणाला. मीही म्हणालो.

भावाचा हात थांबला. "बाय, असा काय बोलतस? डॉक्टर सांगतत..."

"बा देवा म्हाराजा, माका घराक जावचा आसा. मुंबयक नाय."

"होय म्हाराजा," आम्ही दोघं.

भावाचे डोळे भरले होते. त्याने ओले हात पँटला पुसले, तिचा हात धरला आणि म्हणाला, "वायट इचार करू नको गो. बरी होवन परत येतलंस. काय जावचा नाय तुका."

तेच वाक्य. तिच्या सख्ख्या भावाच्या तोंडून. मला वाटलं, आता ती त्याला फाडून खाईल, सरपंचाला खाल्लं तशी. ती चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत राहिली. मग त्याच्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "सोल. पाण्यात घाल मगे."

स्ट्रेचरवरून नेताना मी तिच्या बाजूने चालत होतो. मी रडत होतो आणि शिव्याही देत होतो. ती मला म्हणाली, "तेका अजून येळ होयो. आणि माझ्याकडे येळ नाय. काय करतलंय?" माझ्याशी ती हे शेवटचं बोलली.

मुंबईत तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. घशात नळी घातली. आयुष्यभर लोकांची तोंडं उघडणाऱ्या बाईचं तोंड नळीने बंद झालं. खिडकी नव्हती. नातेवाइकांना काचेतून बघायला द्यायचे. तिथेच ती गेली. मग तिला ॲम्ब्युलन्समधून, तळेऱ्यावरून, परत इथे आणलं आणि चर्चच्या मागे आईशेजारी पुरलं. जिवंत असताना जिला घरी राहू दिलं नाही, तिला मेल्यावर मोठ्या मानाने घरी आणलं.

आणि मग शोकसभा. आणि चेअरमन म्हणाले, त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, हे त्यांचं भाग्यच.

मी उभा राहिलो. माइक कुणी देणार नव्हतं, मी मागितलाही नाही. "बा देवा म्हाराजा!" मी ओरडलो. "बायक सगळा म्हायत होता!"

चेअरमन म्हणाले, "अहो, हे काय चाललंय? खाली बसा." मागच्या दारापाशी देवबागचे दोन्ही भाऊ उभे होते. "होय म्हाराजा!" ते म्हणाले. फोंडाघाटचे दुकानदार कुबडी टेकत उठले आणि म्हणाले, "होय म्हाराजा!"

"तिका घराकडे रवाचा होता!"

आता आवाज वाढले. केमोच्या वॉर्डातली म्हातारी होती, कॅन्टीनवाली होती. "होय म्हाराजा!" तरुण डॉक्टर मान खाली घालून बसले होते.

"तिना सांगल्यान, आणि कोणी ऐकूक नाय!"

"होय म्हाराजा!"

पहिल्या रांगेत बायचा भाऊ बसला होता. तो उठला. याने आता समजूत घालायला तोंड उघडलं तर मी याला सोडणार नाही, असं मी ठरवलं होतं. तो माझ्याकडे वळला नाही, चेअरमनकडेही नाही. फोटोकडे तोंड करून उभा राहिला, आणि इतकी वर्षं मुंबईत घालवलेला तो माणूस सगळ्यांसमोर आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "बा देवा म्हाराजा. तिना माकाच सांगल्यान. माझ्या म्होरार बसान सांगल्यान. मी मधी बोललंय."

माझ्या जिभेवर खूप काही होतं. तुझ्या त्या एका वाक्यापायी तिची खाडीसमोरची खाट रिकामी राहिली, हे मला त्याला ऐकवायचं होतं. ते खरंच होतं, आणि माझा राग आजही गेलेला नाही.

पण तो बोलत होता, आणि नियम बायचा होता. मी म्हटलं, "होय म्हाराजा."